दोन आसनांची गाडी

"आजून जरा म्होरं घ्या. बस, बस! नालीत घालता का काय?"

महादेवी अंगणात उभी राहून हाताने खुणा करीत होती आणि वीरभद्रअप्पा आपली लाल गाडी बोट बोट पुढे सरकवीत होते. लातूरच्या या गल्लीत सिमेंटच्या रस्त्यावर वेळोवेळी नवे थर चढत गेले होते आणि घरांची अंगणे तेवढीच खाली राहिली होती. या गैरसोयीवर अप्पांनी आजवर पुष्कळ तोंडसुख घेतले होते. आज मात्र तीच उपयोगी पडली. गाडी वर आणि महादेवी खाली, असे झाल्याने गाडीचे ठेंगणे आसन तिला खुर्चीच्या उंचीला आले. युक्ती तिचीच होती. चार दिवस ती कोणाशी न बोलता अंगणातून गाडीकडे पाहत होती, त्याचे हे फळ.

"आता तिकडं बघा तुमी."

अप्पांनी मान वळवली. लुगड्याची सळसळ झाली, एक दीर्घ निःश्वास ऐकू आला, मग दार लागले.

"चला."

दारात चहाचा कप घेऊन उभा असलेला दयानंद हे पाहून थक्क झाला. "माय, खरंच बसलीस?"

"बसले. नांदेडला आरतीकडं जाऊन येते. मग बोल काय बोलायचं ते."

दयानंद हा त्यांचा मुलगा, एका डाळ मिलमध्ये हिशेबनीस होता. त्याचे म्हणणे अवास्तव नव्हते. घरात माणसे पाच, आणि वडिलांनी घेतलेल्या गाडीत आसने दोन. त्यातलेही एक रिकामेच राहत होते. "दसऱ्याच्या आत माय एकदा तरी हिच्यात बसून नांदेडला जाऊन आली, तर गाडीचं नाव काढणार न्हाई," असे तो म्हणाला होता. "न्हाई तर ही देऊन सात सीटची घेऊ, अप्पा. शोरूमवाला घ्यायला तयार हाय." अप्पांनी हे मान्य केले होते. मान्य न करण्यासारखे त्यात काही नव्हते, हेच त्यांचे दुःख होते.

अप्पांनी उभ्या हयातीत काळी-पिवळी जीप चालवली होती. लातूर, अहमदपूर, लोहा हा त्यांचा मार्ग. त्या व्यवसायात गाडीची किंमत तिच्यात किती सीट बसतात यावर ठरते. पुढे चौघे, मधे पाच, मागे समोरासमोर गुडघे अडकवून बसलेले सहा, आणि चालक स्वतः अर्धा दाराबाहेर. माहेरी, उदगीरला जाताना महादेवीही त्याच जीपने अहमदपूरपर्यंत जाई. ती मागे बसे, गाठोड्यांमध्ये. पुढची जागा उतारूची. तिचे पैसे येत. यात अन्याय आहे असे त्या काळी दोघांपैकी कोणालाही वाटले नाही. संसार त्याच जागेवर उभा होता.

परवाना विकला, जीप भंगारात गेली, आणि साठी उलटल्यावर अप्पांच्या मनाने एक विलक्षण हट्ट धरला. जिच्यात तिसरा माणूस बसूच शकणार नाही, अशी गाडी असावी. लातूरच्या शोरूममध्ये ती त्यांना दिसली. स्पोर्ट्स कारमधली सगळ्यांत स्वस्त, आणि तिच्यातलेही सगळ्यांत खालचे, बेस मॉडेल. चाके लोखंडी, काचा हाताने फिरवून खालीवर करायच्या, समोर स्क्रीन नाही, गाणी नाहीत. विक्रेत्या पोराने हौसेने सांगितले होते, "काका, वरच्या मॉडेलमध्ये सीट उंच करता येते." अप्पांनी ते कानाआड केले. सीट मोजायची असते एवढेच त्यांना ठाऊक होते. तिला उंचीही असते, हा विचार त्यांच्या मनाला कधी शिवलाच नव्हता.

तो शिवला सिद्धेश्वराच्या मंदिरासमोर. पूजेसाठी उभ्या केलेल्या गाडीत महादेवी बसली खरी, पण तिला उठता येईना. गुडघे छातीशी आलेले, पदर ढळलेला, दोन अनोळखी बायका दोन्ही हात धरून ओढताहेत, आणि गर्दीतून कोणीतरी म्हणाले, "आज्जीला जॅक लावा की!" लोक हसले. महादेवीही हसली. मात्र त्यानंतर ती गाडीजवळ फिरकली नाही. अप्पा रोज सकाळी गाडी पुसत आणि शेजारचे आसनही पुसत.

आणि आज ती त्या आसनावर होती.

अहमदपूर मागे पडले. दोन्ही बाजूंना सोयाबीनच्या काढणीची लगबग चालू होती. महादेवीने पायाशी पिशवी ठेवली होती, तिच्यात नांदेडच्या लेकीसाठी, आरतीसाठी, शेंगदाण्याची चटणी होती. ती रस्ता पाहत होती, मधूनच अप्पांकडे पाहत होती. शेवटी तिला राहवले नाही.

"अवं, तुमी कोणाशी बोलून राहिलाव?"

"कुठं बोललो?"

"आत्ता त्या म्हशीला म्हणलाव, 'हो माय, बाजूला हो.' मघाशी त्या ट्रॅक्टरला 'ये बाबा, तुझंच राज्य हाय' म्हणलाव."

अप्पा ओशाळले. "सवय हाय जुनी."

"अगंबाई! मी मागं बसायची तवा वाटायचं, पुढच्या पॅसेंजरशी गप्पा मारून राहिलाव. म्हणायची, घरात तोंड उघडत न्हाईत आन् गाडीत बघा." ती तोंडाला पदर लावून हसू लागली. "आन् बोलणं कोणाशी, तर म्हशीशी!"

अप्पांना हसू आवरेना. एवढ्या वर्षांच्या सहवासात तिने गाडी चालवणाऱ्या पतीची केवळ पाठच पाहिली होती. आज प्रथमच तिला बाजू दिसत होती. ही गाडी आपण कशासाठी घेतली हे अप्पांना आजवर कोणालाही समजावून सांगता आले नव्हते. आता सांगण्याची गरजही उरली नव्हती. नांदेड येईपर्यंत हा रस्ता असाच पुढे सरकत राहावा, एवढेच त्यांना वाटत होते.

लोहा ओलांडून सोनखेडच्या अलीकडच्या फाट्याशी आले, तेव्हा रस्त्याच्या कडेला एका बाईने हात उंच केला आणि अप्पांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. फाट्यावर हात दिसला की पाय तिथे जातो. त्याला विचारावे लागत नाही.

एक काळी-पिवळी तिथे आधीच उभी होती. तिच्या बॉनेटला टेकलेला चालक टुणकन पुढे आला. तो बजरंग होता. अप्पांच्याच हाताखाली गाडी शिकलेला.

"शरणार्थ, अप्पा! आन् ही काय घेतलाव? बाकीचे सीट काय कापून टाकलाव का?"

"दोनच हायत तिला."

"दोन सीटवर धंदा कसा व्हायचा?"

"धंदा करायचा न्हाई, म्हणून तर दोन."

"बेस मॉडेल दिसतंय. चाकं बघा की, बैलगाडीची लावल्यावानी." तोवर त्याने पलीकडे पाहिले आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "काकू! तुमी? पुढं?"

"का रे? पुढं बसाय मनाई हाय का मला?" महादेवी म्हणाली.

एवढ्यात हात केलेली बाई काचेपाशी आली. पंचविशीतली, खांद्याला पिशवी, हातात प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेले हॉलतिकीट. ती धापा टाकत होती.

"मामा, नांदेडला निघालाव का? माझी परीक्षा हाय, नर्सची. गेट बंद हुतंय. एसटी चुकली माझी, आन् ह्ये दादा म्हणून राहिलेत, आजून चार सीट भरू द्या."

"रिकामी कशी काढू, बाई?" बजरंग म्हणाला. "अप्पांनाच इचार. त्यांनीच शिकवलं हाय, सीट भरल्याबिगर चाक हलवायचं न्हाई."

"काढ गाडी," अप्पा म्हणाले. "चार सीटचं भाडं मी देतो."

"तसं न्हाई, अप्पा. सोनखेडात थांबावंच लागतंय. तिथले रोजचे लोक वाट बघत्यात. म्होरं सगळे थांबे. ही काय टायमात पोचत न्हाई."

ती अप्पांकडे पाहत राहिली. अप्पांनी शेजारी पाहिले, मग पुन्हा तिच्याकडे, आणि म्हणाले, "जागा न्हाई, माय."

हे शब्द उच्चारताच ते स्वतःच चपापले. आयुष्यात त्यांनी हे वाक्य कधी उच्चारले नव्हते. काळी-पिवळीत जागा नाही असे कधी नसते. थोडे सरका म्हटले की आणखी एक माणूस मावतो. ती मागे सरली. तिने तक्रार केली नाही, फक्त रस्त्यावर लांबवर पाहू लागली.

"नाव काय गं तुझं?" महादेवीने विचारले.

"लुंबिनी."

"लेकरू हाय?"

"हाय. सासूपाशी ठिवून आले. तिसऱ्यांदा देऊन राहिले परीक्षा. पुढल्या वर्षी वय बसत न्हाई."

महादेवीने एकदा तिच्या हातातल्या हॉलतिकिटाकडे पाहिले. मग अप्पांना म्हणाली, "गाडी जरा उताराकडं घ्या."

"कामून?"

"उतरायचंय मला."

"अगं, काहीतरीच काय! आरती वाट बघून राहिली."

"आरतीचं घर काय पळून जातंय का? माझी परीक्षा न्हाई नांदेडात."

अप्पांचे हात स्टीअरिंगवरच राहिले. नांदेड पाहिल्याशिवाय ती उतरली, तर दयानंदच्या लेखी ती बसलीच नाही. पण तेही त्यांना आता दूरचे वाटले. ते एवढेच म्हणाले, "आज ती सीट तुझी हाय."

"माझी हाय म्हणूनच मी देऊन राहिले," महादेवी म्हणाली. तिच्या स्वरात राग नव्हता. "तवा तुमी द्यायचाव. आज मी दिली."

अप्पांनी गाडी रस्त्याच्या कडेशी, पलीकडचे दार खालच्या उताराकडे येईल अशी उभी केली. महादेवीने आधी एक पाय खाली टाकला, मग दुसरा, दाराच्या कडेला धरून जोर केला, आणि कोणाचाही हात न घेता उभी राहिली. बजरंग हात पुढे करून तसाच थांबला होता. तो हात त्याने हळूच मागे घेतला.

"बस गं, लुंबिनी. पाय आत घे नीट. आन् अवं, पळवा आता. स्पोर्टची हाय ना म्हणं?"

गाडी खरोखरीच पळाली. लुंबिनीने एकदा म्हटले, "मावशींची जागा घेतली मी," आणि अप्पा म्हणाले, "तू पुस्तकात बघ." त्यानंतर ती ओठ हलवीत काहीतरी पाठ करीत राहिली. समोर गुरे आली, ट्रॅक्टर आले, अप्पा त्यांच्याशी एक शब्दही बोलले नाहीत. नांदेडच्या परीक्षाकेंद्राचे फाटक अजून अर्धे उघडे होते. लुंबिनी उतरली आणि धावत सुटली. तिने मागे वळून पाहिले नाही. फाटक तिच्यामागे लागले तेव्हाच अप्पांनी गाडी वळवली. लेकीचे घर तिथून जवळ होते. ते तिकडे गेले नाहीत.

फाट्यावर परतले, तेव्हा ऊन चढले होते. बजरंगची जीप निघून गेली होती. महादेवी रस्त्याकडेच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर बसली होती, कडुलिंबाच्या विरळ सावलीत. अप्पांनी गाडी उताराशी नेमकी आणून लावली, उतरून पलीकडचे दार उघडले आणि थांबले.

"पोचली?" तिने विचारले.

"पोचली."

"गेट?"

"तिच्यामागंच लागलं."

महादेवीने मान डोलावली. पण उठली नाही. "गुडघा धरलाय. बसा जरा."

कठडा अरुंद होता. ती थोडी सरकली आणि अप्पा तिच्याशेजारी बसले. समोर कापलेल्या सोयाबीनच्या गंजी उन्हात पडल्या होत्या.

"दयानंद म्हणतोय तशी गाडी देऊन टाका," ती म्हणाली.

"तू बसलीस की आज."

"बसले. चांगली हाय. अहमदपूरपासनं लई बरं वाटलं मला. पण दर वेळी उतार कुठनं आणायचा?"

"वरच्या मॉडेलात सीट उंच होते म्हणं. मीच ऐकलं न्हाई."

"ऱ्हाऊ द्या. मोठी आली म्हंजे शिवांशबी बसंल, सूनबी बसंल."

शिवांश हा त्यांचा नातू. तो पुढेच बसायचा हट्ट धरणार, हे दोघांनाही ठाऊक होते, आणि त्याला पुढे बसू दिले जाणार, हेही.

"हाव," अप्पा म्हणाले.

लोह्याकडून एक काळी-पिवळी खडखडत आली. कठड्यावरची दोन माणसे पाहून अनोळखी चालकाने वेग कमी केला आणि दाराबाहेर मान काढून विचारले, "नांदेड, नांदेड! दोन सीट हायत. बसता का, बाबा?"

अप्पांनी हात आडवा हलवून नको म्हटले. जीप धूळ उडवीत पुढे गेली. धूळ खाली बसली तेव्हा लाल गाडी उतारावर दार उघडे टाकून उभी होती. आतल्या दोन्ही आसनांवर ऊन आले होते, आणि दोघांपैकी कोणालाही उठण्याची घाई नव्हती.