एक्स्पोर्ट पॅकिंगमधला चाकू

थांबा, आधी पूर्ण ऐका, मग काय हसायचं ते हसा. तुम्हाला कंपनीतल्या ज्या कोणी सांगितलंय ना, त्यानं अर्धंच सांगितलंय, आणि ते पण रियाजच्या बाजूनं. सध्या अख्खी कंपनीच त्याच्या बाजूनं आहे. मेंटेनन्सवाले मला बघितलं की हात जोडतात आणि म्हणतात, "या पार्सल, बसा." दिग्या, दात आत घे. तुझा तर फोनसुद्धा कव्हरच्या आत कव्हर घालून असतो.

तर चाकू. तो चाकू माझ्या एकट्याचा नव्हता, तिथंच सगळी घाण झाली.

जानेवारीत आमच्या चाकणच्या प्लांटला नवीन मशीन आलं, पॅलेटवर प्लास्टिकची फिल्म गुंडाळायचं. इटलीचं. ते बसवायला तिकडचा एक साहेब आला, लुका नावाचा. सहा आठवडे होता. त्याच्या हाताखाली दोघं दिले, मेंटेनन्समधून रियाज आणि पॅकिंगमधून मी. रियाज म्हणजे बारा वर्षं जुना माणूस. वायरिंग त्यानं केलं, पॅनेल त्यानं जोडलं, प्रोग्रॅम पण साहेबानं त्यालाच शिकवला. मी... बरं, मी पाना पकडून उभा असायचो. पण सहा आठवडे उभा होतो ना? एक दिवस सुट्टी घेतली नाही राव!

जायच्या दिवशी साहेबानं खिशातून एक डबी काढली. आत चाकू. घडीचा, बोटाएवढा, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, आणि पातं असलं की त्यात मला माझ्या मिशा मोजता येत होत्या. त्यानं माझा हात धरला, रियाजचा धरला, एकावर एक ठेवले, वर चाकू ठेवला आणि म्हणाला, "फॉर टू." आणि गेला विमानतळावर. अरे, एक चाकू दोघांना कोण देतं? त्याला काय जातंय, तो बसला विमानात.

मी कंपनीच्या बसमध्येच नेटवर किंमत बघितली. सोळा हजार. माझा फोन नाही तेवढ्याचा.

रियाज म्हणाला, "एक आठवडा माझा, एक आठवडा तुझा. सोमवारी सकाळी द्यायचा." मी म्हणलं, चालेल.

पहिला आठवडा त्याचा. पुढच्या सोमवारी चाकू हातात आला आणि माझं डोकंच सणकलं. पात्यावर चरे. मुठीच्या फटीत ग्रीस. वास घेतला तर पेरूचा.

"रियाजभाई, हे काय केलं?"

"काय केलं? केबल सोलली."

"सोळा हजाराच्या चाकूनं केबल?"

"मग कशानं सोलू? सोळा हजाराच्या दातानं?"

सगळी मेंटेनन्स हसली. घरी चिखलीला आलो, टूथपेस्ट लावून लावून दोन तास पातं घासलं, काडीनं ग्रीस काढलं, डबीत ठेवला, डबी मोज्यात, मोजा कपाटात. अख्खा आठवडा उघडला नाही. सोमवारी त्याच्या हातात दिला तर त्यानं उलटापालटा करून बघितला.

"आठवडाभर काय केलं याचं? आरती?"

"जपला."

"कोणापासून?"

"तुमच्यापासून."

झालं. तिथून जे सुरू झालं ते सात महिने. त्याच्या आठवड्यात तो मुद्दाम माझ्यासमोर काढायचा. पॅकिंगमध्ये येऊन, माझ्या टेबलापाशी उभा राहून रबरी पाइप कापायचा आणि माझ्या तोंडाकडे बघायचा. एकदा तर पेंटच्या डब्याचं झाकण उचकटलं त्यानं. टोकानं! मी ओरडलो, तर म्हणाला, "अरे, चाकू आहे तो. तुझ्या घरची नवरी नाही."

मग मी फोटो काढायला लागलो. दर सोमवारी घेताना एक, देताना एक, तारखेसकट. त्यानं बघितलं, तर चाकू टेबलावर असा आपटला की वॉशर उडाले. "फोटो काढतो? मला पोलिसात देतो का?" त्या दिवसापासून त्यानं मला नावानं हाक मारणं बंद केलं. संघर्ष म्हणायचं सोडून 'ए पॅकिंग' म्हणायचा. माझी लाइन बंद पडली की चाळीस-चाळीस मिनिटं फिरकायचा नाही. मग मी पण त्याला 'भाई' म्हणणं सोडलं. एकदा त्याच्या आठवड्यात मी सेफ्टीवाल्याच्या कानात घातलं, की मेंटेनन्समध्ये कोणीतरी स्वतःचा चाकू वापरतंय म्हणून. हो, घातलं. माझाच चाकू जप्त होईल हे डोक्यातच आलं नाही, एवढा मी पेटलेलो.

त्यातून वाचवलं स्टोअरच्या दत्तोबांनी. दत्तोबा डिसेंबरला रिटायर होणार, प्लांट उभा राहिला तेव्हापासूनचा माणूस, त्यांच्यापुढं मॅनेजर पण आवाज चढवत नाही. त्यांनी सेफ्टीवाल्याला गप्प केलं आणि आम्हाला दोघांना स्टोअरमध्ये बोलावलं.

"तुमच्या दोघांची थोबाडं बघून मला शिसारी आली आता," म्हणाले. "हा तमाशा खंडेनवमीपर्यंत. त्या दिवशी हत्यारांची पूजा झाली की मी सांगणार, चाकू कोणाचा. कायमचा. दुसऱ्यानं परत त्याचं नाव काढायचं नाही. कबूल?"

रियाज म्हणाला, "कबूल. जो वापरतो त्याचा."

मी म्हणलं, "कबूल. जो जपतो त्याचा."

आणि बघा नशीब, खंडेनवमीचा आठवडा नेमका माझा! मी ठरवलं, दत्तोबांच्या हातात चाकू असा द्यायचा की आत्ता दुकानातून आलाय. टूथपेस्ट झाली, ब्रासो झालं, चरे जवळजवळ दिसेनात. आता टेन्शन एकच, पूजेचं. दत्तोबा काय करतात, बोट ओलं करून प्रत्येक हत्याराला हळदी-कुंकू लावतात, चांगलं दाबून. लाकडात मुरलं तर जन्मात निघणार नाही. म्हणून मी आदल्या दिवशी पॅकिंगमध्ये जेवायच्या सुट्टीत बसलो आणि चाकू पॅक केला.

आता मी पॅकिंगचा माणूस. मी पॅक करणार तर कसा करणार? आधी तो पिवळा कागद, लोखंडाला गंज चढू नये म्हणून असतो तो. त्यावर बबलची शीट. त्यावर स्ट्रेच फिल्म, ओढून ओढून दहा-बारा वेढे. त्यावर ब्राउन टेप, उभी आणि आडवी. समुद्रातून जहाजानं पाठवला असता तरी थेंब आत गेला नसता. वर फुटक्या वस्तूचं स्टिकर पण लावलं, काचेच्या ग्लासचं चित्र असतं ना, ते. मजा म्हणून.

हसू नका म्हणलं ना.

खंडेनवमीला सकाळी स्टोअरसमोर मोठं टेबल मांडलं. पाने, हातोडे, ड्रिल, कात्र्या, पॅकिंगचे झाडून सगळे कटर, सगळं ओळीत, वर झेंडू. चतुराबाई खाली बसून हार ओवत होती. चतुराबाई म्हणजे आमची साफसफाईवाली मावशी, इथल्याच गावातली, तोंडात कायम पान. दत्तोबांनी विचारलं, "संघर्ष, चाकू कुठाय?"

"खिशात आहे."

"मग काढ. ठेव इथं सगळ्यांबरोबर."

"नंतर दाखवतो ना. डाग पडंल."

दत्तोबांनी हळदीची वाटी खाली ठेवली. रियाज मागनं म्हणाला, "ठेवू द्या हो. त्याला हळदीची ॲलर्जी आहे."

पूजा झाली. मग सगळे गेलो पलीकडच्या शेडमध्ये, नव्या मशीनची पूजा करायला. स्टोअर ते शेड म्हणजे दोनशे पावलं धरा. मशीनला हार घातला, चांगला लांब, तारेत ओवलेला. नारळ फोडला. आणि मग मशीन एकदा चालू करून दाखवायचं, दरवर्षी प्रत्येक मशीनचं असतं ते, एक फेरा मारायचा आणि बंद करायचं. रियाजनं बटण दाबलं. हार काढायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. कोणाच्याच! घातलेला हार त्याच दिवशी कोण काढतं?

त्या मशीनला दोन रबरी रोलर आहेत, त्यांच्यामधून फिल्म ताणून बाहेर येते. हाराचं टोक गेलं त्या दोघांच्या मध्ये. रियाज ओरडला, "अरे हार, हार!" आणि वाकून ओढायला गेला. त्याच्या गळ्यात आयकार्डची पट्टी. त्या पट्टीला मागं क्लिप असती, ओढ बसली की सुटती. याची तुटलेली, यानं तिथं केबल टाय मारलेला. हाराबरोबर पट्टी आत गेली, आणि पट्टीबरोबर रियाज.

दत्तोबांनी लाल बटण हाणलं. मशीन थांबलं. पण पट्टी आत घट्ट, आणि याचा गळा लोखंडी कडेवर दाबून बसलेला. तोंडातून आवाज नाही. मशीन उलटं फिरवलं की सुटणार, पण उलटं फिरवायला येतं दोघांनाच, एक इटलीत आणि दुसरा अडकलेला.

"कटर आणा! कटर!" सगळे बोंबलतायत. कटर कुठं? दोनशे पावलांवर, झेंडूखाली. दोघं धावले.

आणि रियाजनं हात पुढं केला. माझ्याकडे. चाळीस माणसं उभी होती शेडमध्ये, पण हात माझ्याकडे केला राव. कारण त्याला माहीत होतं ना, आठवडा माझा आहे.

मी खिशातून काढला. आता उघडायचा कसा? टेपचं टोक सापडंना. मीच दाबून बसवलेलं, नखानं खरवडतोय, नख मोडलं. दातानं धरलं, टेप फाटली, खाली फिल्म. फिल्म फाटत नाही, ताणती नुसती! तिचं कामच ते आहे! बारा वेढे! रियाज बघतोय माझ्याकडे, डोळे लाल, आणि मी तोंडात पार्सल धरून ओढतोय. कोणीतरी मागनं म्हणालं, "अरे, हा खातोय काय?"

तेवढ्यात मला कमरेत असला धक्का बसला की मी पॅलेटवर जाऊन पडलो. चतुराबाई. "व्हय बाजूला, मुडद्या!" तिनं कमरेची पानाची पिशवी सोडली, आतनं अडकित्ता काढला, काळा, चुन्यानं माखलेला, रियाजच्या कानामागं घातला आणि कचकन दाबला. पट्टी तुटली. रियाज खाली बसला.

बराच वेळ खोकला. गळ्याभोवती लाल वळ उठला होता. चतुराबाईनं त्याला पाणी पाजलं, अडकित्ता पदराला पुसला, एक सुपारी कातरून तोंडात टाकली.

मग रियाजनं मान वर केली. माझ्या हातात ते अजून तसंच, टेप लोंबतीये, वर माझी थुंकी.

"काय आहे ते?" आवाज येत नव्हता त्याचा.

"चाकू."

कोणी हसलं नाही तेव्हा. हसले ते दुसऱ्या दिवसापासून. दत्तोबांनी माझ्या हातातनं ते घेतलं, फिरवलं, ग्लासचं चित्र बघितलं. मी म्हणलं, "दत्तोबा, आत एक चरा नाही बघा." का म्हणलं मी? मला नाही माहीत का म्हणलं. तोंडातनं गेलं.

दत्तोबा म्हणाले, "संघर्ष, पूजा हत्यारांची असते. हे पार्सल आहे. डिस्पॅचला नेऊन ठेव."

"निकाल काय मग?" मागनं कोणीतरी विचारलंच.

दत्तोबा बोलायच्या आत रियाज भिंतीला धरून उठला. "निकाल कशाला? त्यालाच द्या. कायमचा. मला हात पण लावायचा नाही त्याला." आणि माझ्या बुटांजवळ थुंकला. घसा दुखत होता म्हणून थुंकला असं मी आधी सांगत होतो सगळ्यांना. पण नाही. माझ्याकडे बघून थुंकला.

म्हणजे जिंकलो मीच. कायद्यानं बघा ना, चाकू माझाच झाला. त्या दिवशी घरी आलो, स्वयंपाकघरातली विळी घेऊन ते पॅकिंग फोडलं. आई विचारत होती, काय आलंय पार्सलमध्ये. दुसऱ्या दिवसापासून चाकू उघडा खिशात, कव्हर नाही, मोजा नाही. टेप कापतो, पट्ट्या कापतो. मुठीला खोका घासून चरा पडला, पडू दे म्हणलं. मेंटेनन्सच्या बाजूनं जाताना तर हात खिशातच असतो, कोणाला काही लागलं तर लगेच काढायला.

कोणाला लागत नाही.

परवाचंच सांगतो. मोटार आली एक, लाकडी पेटीत, वर ती जाड प्लास्टिकची पट्टी. रियाज पेटीपाशी उभा, इकडंतिकडं बघतोय. मी दोन हातांवर होतो. मी चाकू काढला, उघडला, मूठ त्याच्याकडे करून पुढं धरला. म्हणलं, "रियाजभाई, घ्या." भाई म्हणलं मी, सात महिन्यांत पहिल्यांदा!

तो माझ्या हाताला वळसा घालून पुढं गेला. पार कँटीनपर्यंत चालत गेला. तिथून त्याचा आवाज आला, मुद्दाम मोठ्यानं, "मावशी, अडकित्ता द्या जरा."

आणि ती देते पण! पानाचा अडकित्ता, पेटीच्या पट्टीला! धार गेली असेल अडकित्त्याची एव्हाना. तो घेऊन परत आला. मी उभा राहिलो तिथंच, पट्टी तुटल्याचा आवाज येईपर्यंत. मग चाकू मिटला.