तेराव्या रात्रीचं बाळ

आमच्या स्कारव्हीकच्या नाचघरात त्या दिवशी इतकी गर्दी झाली होती, की आतल्या माणसाने श्वास सोडला तरच बाहेरच्याला तो घ्यायला मिळत होता. मार्चच्या आरंभी फॅरो बेटांवर वारा असा सुटतो, की कोंबड्या अंडं घालताना चोचीत गवत घट्ट धरून बसतात. तरी सगळं गाव आलं होतं. मेंढ्यासुद्धा खिडकीतून डोकावत होत्या, असं म्हातारा तुम्मस सांगतो; पण तुम्मस वर्षातून फार तर दोनदा खरं बोलतो.

मध्ये टेबल, टेबलावर काचेचा रिकामा पेला, आणि पेल्यामागे डान्यल अंगठीवाला. दक्षिणेच्या बेटावरून आलेला हा गृहस्थ आला तेव्हा काठीसारखा होता. महिनाभरात गावोगावच्या वाळवलेल्या मटणाच्या तंगड्या रिचवून त्याच्या स्वेटरची वीण ताणली गेली होती.

"माझी अंगठी खोटं बोलत नाही!" डान्यल गरजला. "कारण तिला तोंडच नाही! तिला आहेत नुसते कान. पोटातलं बाळ जितक्या आठवड्यांचं, तितक्यांदा ती काचेवर टकटक करणार. मी बोटसुद्धा लावणार नाही. दोरा तुमच्या हातात, पोट तुमचं!"

"आणि मटणाची तंगडी तुझ्या हातात," तुम्मस मागून म्हणाला.

आधी शेजारची बिरिता बसली. कोपर टेबलावर, चिमटीत दोरा, दोऱ्याला अंगठी, अंगठी पेल्याच्या पोटात लोंबकळलेली. बघता बघता ती डुलायला लागली आणि काचेवर वाजली. टिंग. सगळं नाचघर मोजू लागलं. अकराला अंगठी मंदावली आणि थांबली.

"अगं बाई!" बिरिता किंचाळली. "दवाखान्यात अकराच सांगितलेत मला!"

आता गर्दीचा आवाज वाऱ्यावर चढला. हेयिनने बायकोला कोपराने ढोसलं. "जा ना सुन्नुवा. घाबरतेस काय?"

"नको रे. मला मळमळतंय."

"मळमळतंय म्हणूनच जा. बघू तरी, आपलं पोरगं किती मोठं झालंय."

सुन्नुवाला जायचं नव्हतं, आणि का ते ती कुणाला सांगू शकत नव्हती. दोनच दिवसांपूर्वी मोठ्या बेटावरच्या दवाखान्यात नव्या यंत्राच्या पडद्यावर तिला एक चवळीएवढा ठिपका दिसला होता. घाईतला डॉक्टर म्हणाला, "आठ आठवडे. सगळं छान," आणि पुढच्या बाईला हाक मारली. परतीच्या बोटीत तिने बोटांवर हिशेब केला, पुन्हा केला, आणि मग बोटं हातमोज्यांत लपवली. हेयिनची बोट ग्रीनलंडच्या समुद्रातून घरी येऊन सहा आठवडे झाले होते. सहा. आठ नव्हे. त्याआधी सगळा हिवाळा तो समुद्रावर होता.

तिने तो आकडा नवऱ्याला सांगितला नव्हता, सासूला नाही, कुत्र्यालाही नाही.

ती बसली. अंगठी डुलली. पाच झाले, सहा झाले. थांब, थांब, ती मनात म्हणत होती, आणि अंगठी पुढे सरकत होती. सात. आठ. मग काचेकडे पाठ फिरवल्यासारखी अंगठी गप्प झाली.

हसणारं नाचघर हळूहळू विझलं. आमच्या गावात कुणाची बोट कधी लागली हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं.

"आठ आठवडे मागे म्हणजे..." बिरिताने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं आणि ते चटका बसल्यासारखं मागे घेतलं. "तेरावी रात्र!"

नाताळनंतरची तेरावी रात्र. आमच्याकडे लोक सांगतात की समुद्रात जीव दिलेली माणसं खाडीतले सील प्राणी होतात, आणि त्या एकाच रात्री ती कातडी उतरवून किनाऱ्यावर येतात, माणसासारखी दिसतात, माणसासारखी नाचतात. उजाडायच्या आत परत पाण्यात.

"त्या रात्री आपण सगळे इथे नाचत होतो," कुणीतरी म्हणालं. "सुन्नुवा नव्हती आली."

"घरी एकटी होती."

डान्यलने डोळे मिटले. पैजेवर सांगतो, त्यालाही असं काही निघेल याची कल्पना नव्हती. पण हातात आलेला मासा सोडणारा तो नव्हता. "समुद्राचं आहे ते," तो खर्जात म्हणाला. "समुद्र आपलं परत मागतो. मिळालं नाही, तर बदल्यात घरातला पुरुष नेतो. अमावास्येच्या मोठ्या भरतीला हिने कमरेइतक्या पाण्यात उभं राहायचं, आणि मी देतो तो काढा प्यायचा. समुद्र आपलं घेऊन जाईल."

हेयिन टोपी घालून एकटाच बाहेर पडला. तेच वाईट झालं.

त्यानंतरचे दिवस सुन्नुवाने कसे काढले, ते तिचं तिलाच माहीत. सासू मार्युन बाळासाठी मोजे विणत होती. सकाळी पाहिलं तर तिने ते उसवले होते, आणि लोकर पुन्हा गुंडाळून ठेवली होती.

"आई, मी काही केलं नाही हो."

"तू केलंस असं मी म्हटलं का?" मार्युन लोकरीकडे बघत म्हणाली. "माझा एक भाऊ समुद्रात गेला. नवरा गेला. आता हेयिन एवढाच राहिलाय. तू मला काही विचारू नकोस."

हेयिन पडवीतल्या बाकावर झोपू लागला. दिवसा खिडकीशी बसून खाडीकडे बघायचा. खाडीत सीलची डोकी वर यायची, काळी, ओली, गोल. ती घराकडे बघायची आणि हेयिन त्यांच्याकडे. एकदा तो पुटपुटला, "त्या डावीकडच्याचे डोळे बघ. माणसाचे आहेत."

सुन्नुवाने बघितलं, आणि तिलाही तसंच वाटलं.

खरं भय तिथून सुरू झालं. आधी तिला खात्री होती की लोक चुकतायत. आता तिची स्वतःवरचीच खात्री उडाली. तेराव्या रात्री ओटीपोटात कळा येत होत्या म्हणून तिने दुखण्याच्या गोळ्या घेतल्या होत्या, गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरली होती. गुंगी होती. दूरवरून नाचघरातल्या पावलांचा दणका जमिनीतून पलंगात येत होता. कडी वाजली होती का? वाजली होती बहुतेक. आणि सकाळी... सकाळी दारापासून पलंगापर्यंत ओली पावलं होती. उघड्या पायांची. हे आठवलं तेव्हा ती चुलीसमोर उभी होती, तरी अंगावरून थंड पाणी ओतल्यासारखी थरथरली. संध्याकाळी खाडीतून सील ओरडले की तिचा हात आपोआप पोटावर जायचा, आणि तिला कळायचं नाही की आपण बाळाला सांभाळतोय की चाचपतोय.

पण एक गोष्ट तिच्या डोक्यात कुसळासारखी सलत होती. अंगठीने सांगितलेला आकडा आणि दवाखान्यातला आकडा एकच होता. यंत्राला काय ठाऊक सील आणि तेरावी रात्र?

अमावास्येच्या आदल्या दिवशी तिने दुकानातल्या फोनवरून डॉक्टर एल्सपाला फोन लावला. एल्सपा आसपासच्या पाच गावांची डॉक्टर. स्वभावाने खडबडीत, आणि बोट लागत नाही असं दिसलं तर धक्क्यावर उडी मारणारी. दुकानात अख्खं गाव साखर घ्यायला आलं होतं आणि साखर घेत कुणीच नव्हतं. म्हणून सुन्नुवा एवढंच बोलली, "डॉक्टर, उद्या भरतीच्या आत याल का?"

"कशाला?"

"इथे बोलता येत नाही."

"येते."

दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळी सुन्नुवा धक्क्याच्या उतारावर अनवाणी उभी होती. पाणी घोट्यांना चावत होतं. डान्यलच्या हातात काळ्या काढ्याची बाटली. गाव मागे, टोप्या हातात घेऊन, अंत्ययात्रेसारखं. खाडीत सातआठ काळी डोकी. हेयिन सगळ्यांत मागे उभा होता. तो तिला थांबवत नव्हता आणि जा असंही म्हणत नव्हता.

मासेमारीची एक होडी धक्क्याला घासली, न घासली, तोच एल्सपा उडी मारून उतरली. "सुन्नुवा, बाहेर ये. पायाची बोटं गळून पडतील. आणि तुम्ही, ती बाटली इकडे आणा." तिने बूच काढून वास घेतला. "हे मेंढीला दिलं तर मेंढी मरेल. हिला दिलं असतं, तर बाळाच्या आधी हीच गेली असती. चला सगळे नाचघरात. होडीवाल्याने वाटेत सगळं सांगितलंय; मलाही अंगठी बघायचीय."

नाचघरात एल्सपाने बिरिताला आणि मार्युनला बोलावलं. एकीच्या कानात काही कुजबुजली, मग दुसरीच्या. "आता अंगठीला विचारू, तुम्मसकडे किती एडके आहेत."

बिरिताने दोरा धरला. अंगठी पाचदा वाजली. मार्युनने धरला. अंगठी नऊदा वाजली.

"अहो, माझ्याकडे एकच एडका आहे!" तुम्मस उठून ओरडला. "आणि तोही शेजाऱ्याचा!"

नाचघर कितीतरी दिवसांनी हसलं. एल्सपा हसली नाही. "बिरिताला मी पाच सांगितले, मार्युनबाईंना नऊ. दोन्ही खोटे. अंगठीला पोटातलं ऐकू येत नाही. ज्याच्या चिमटीत दोरा, त्याच्या मनात जो आकडा, तिथे त्याचा हात थबकतो. बोटं इतकी बारीक हलतात की धरणाऱ्यालाही कळत नाही. लबाडी तुमची नाही. ती अंगठीच्या नावाने मटण खाणाऱ्याची आहे."

"म्हणजे... ते आठ..." सुन्नुवाने स्वतःच्या चिमटीकडे बघितलं. "माझ्याच हाताने सांगितले?"

"तुझ्याच भीतीने."

"आज वारा उलटा आहे," डान्यल पेला पिशवीत कोंबत म्हणाला. "अशा वाऱ्यात अंगठी..."

"अशा वाऱ्यात माणूस बरोबर होडीपर्यंत पोचतो," मार्युन म्हणाली, आणि तिने त्याच्या पिशवीतून आपली मटणाची तंगडी ओढून काढली.

पण हेयिन जागेवरून हलला नव्हता. "डॉक्टर," तो म्हणाला, "अंगठी खोटी असेल. दवाखान्यातलं यंत्र? तेही आठच म्हणालं, आज सुन्नुवाने सांगितलं मला. मी तर सहा आठवड्यांपूर्वी आलो."

"यंत्र खरं आहे. तुझा हिशेबही खरा आहे," एल्सपा म्हणाली. "चूक आमची आहे, डॉक्टर लोकांची. आम्ही आकडा सांगतो, आणि तो कुठून मोजला ते सांगत नाही. बाळ राहिलं तो दिवस कुणालाच नक्की ठाऊक नसतो. म्हणून जगभर शेवटची पाळी सुरू झाली त्या दिवसापासून मोजायची रीत आहे. यंत्र बाळाची लांबी मोजतं आणि उत्तर त्याच रीतीने देतं. त्यामुळे पहिले साधारण दोन आठवडे पोटात बाळ नसतंच. ते हिशेबात असतात, पोटात नसतात." ती सुन्नुवाकडे वळली. "तारीख मी तुला एकटीला विचारेन. आत ये."

पुरुष आपापल्या बुटांकडे बघू लागले. आमच्या गावात ज्या गोष्टीचं नाव बायकासुद्धा खिडकी लावून घेतात, ती गोष्ट भर नाचघरात निघाली होती.

"आत कशाला?" सुन्नुवा उभी राहिली. पाय अजून निळे होते. "इथेच सांगते. तेराव्या रात्री मला पाळी आली. म्हणून मी नाचायला आले नाही. कळा येत होत्या, म्हणून गोळ्या घेतल्या. चादर खराब झाली, ती मी गुंगीतच अंगणातल्या न्हाणीत जाऊन धुतली आणि अनवाणी परत आले. कडी मीच वाजवली. ती ओली पावलं..." ती थांबली, आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरून गेल्यासारखं झालं. "ती माझीच पावलं होती. मी माझ्याच पावलांना भीत होते."

बिरिता रडायला लागली. मार्युन सुनेजवळ गेली, आपली शाल तिच्या पायांवर टाकली, आणि खाली बसून ते पाय चोळू लागली.

घरी आल्यावर हेयिन टेबलाशी बसला. सुन्नुवाने कॉफी ओतली. त्याला ओतली आणि स्वतःलाही, आणि त्याच्यापासून जरा लांब बसली.

"मला माफ कर," तो म्हणाला.

"बघू."

"तुला..." तो अडखळला. चार वर्षं संसार झाला होता. "तेव्हा फार दुखतं का गं?"

सुन्नुवाने त्याच्याकडे बघितलं. मग ती सांगू लागली. महिन्याचे कुठले दिवस, कुठे कळा, कसं मोजतात. तो विचारत राहिला. कॉफी गार झाली, तरी विचारत राहिला.

भूत असंच येतं, मंडळी. त्याला समुद्र लागत नाही, कातडी लागत नाही. नवरा-बायकोमध्ये, डॉक्टर आणि बाईमध्ये, न बोललेली दोन आठवड्यांची फट मिळाली तरी ते आत शिरून बसतं. तेव्हा कुणी आकडा सांगितला, मग तो अंगठीचा असो की यंत्राचा, तर घाबरण्याआधी विचारा: कुठून मोजला? आणि ज्या बाईचं शरीर आहे, तिला सगळ्यांत आधी विचारा. तिला ठाऊक असतं. तिला बोलायला जागा द्या.