मुत्तूचं पाणी

अनंतकृष्णाच्या पत्राला हयग्रीवांनी उत्तर धाडलं नव्हतं, याला आता सात आठवडे होत आले होते. पत्र हरवलं होतं म्हणावं, तर तसंही नाही. निळं इनलँड मेजावर चष्म्याच्या डबीखाली होतं, आणि रोज सकाळी चष्मा घ्यायला हात गेला की आधी तेच दिसायचं. भाषा मराठी, अक्षरं तमिळ. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या त्या दोघा मराठी माणसांची ही चाळीस वर्षांची सवय. पानभर कोइमतूरच्या हवेच्या आणि सुनेच्या पातळ कॉफीच्या तक्रारी, आणि तळाशी एकच ओळ सुटी: "मुत्तू कसा आहे? तेवढं लिही."

तेवढंच तर लिहिता येत नव्हतं.

मुत्तू म्हणजे मासा. गोल्डफिशच्या जातीचा, पण रंगाने मोत्यासारखा, म्हणून अनंतकृष्णाच्या बायकोने, भवानीने, त्याचं हे नाव ठेवलं होतं. आठ वर्षांपूर्वी पिशवीतल्या पाण्यात घालून तिनेच त्याला घरी आणलं होतं. तीन वर्षांपूर्वी भवानी गेली. मुत्तू राहिला. त्याला सोबत म्हणून अनंतकृष्णाने मागाहून दोन केशरी मासे आणले. वैशाखात अनंतकृष्ण न्हाणीघरात पडला, मुलगा येऊन त्याला कुंभकोणमहून कोइमतूरला घेऊन गेला, आणि तीन हातांची ती काचेची पेटी, पंप, स्पंज, खडे आणि तिन्ही मासे हयग्रीवांच्या ओसरीवर आले.

"दुसऱ्या कुणाला देऊ?" अनंतकृष्ण म्हणाला होता. "या गावात माझं ऐकणारा तू एकटा. बाकी सगळे मला ऐकवणारे."

कानांनी तो जवळजवळ बहिराच झालेला, त्यामुळे हे तो सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला होता. जाताना त्याने पाठपोट लिहिलेला एक कागद दिला. माशांचं कसं करायचं ते सगळं त्यात होतं. हयग्रीवांनी तो उभ्या उभ्या वाचला, मान डोलावली, आणि त्यांच्या हाती पडलेल्या कुठल्याही चांगल्या कागदाचं जे होतं तेच त्याचं झालं. तो खूण म्हणून कुठल्याशा पुस्तकात गेला. शाळेच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाच्या घरी चार कपाटं पुस्तकं होती.

दोन महिने मासे सुखात होते. मग आडी, म्हणजे तमिळ आषाढ, आला.

आडीतल्या शुक्रवारी हयग्रीवांच्या बायकोच्या, वत्सलाबाईंच्या, घरात धुवायची राहील अशी वस्तू नाही. त्यांच्या आजेसासूच्या काळापासून रिवाज असा, की घरातलं रात्रीचं पाणी सकाळी ओतायचं, पितळेची भांडी चिंचेने उजळायची, आणि नवं पाणी भरायचं. शिळं पाणी देवाला नाही, पाहुण्याला नाही. त्या शुक्रवारी भांडी झाली, उंबरे झाले, आणि वत्सलाबाई पेटीपुढे कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अहो, हे पाणी बघा. पिवळं झालंय. काचेला शेवाळ. आणि तो स्पंज! शी, शी. अनंताभाऊजींचे मासे म्हणजे पाहुणेच की नाही? पाहुण्याला असं ठेवतात?"

हयग्रीवांनाही लाज वाटली. त्यांना लाज वाटायला फार कारण लागत नसे. माळ्यावरचं मोठं पितळी घंगाळ काढलं, चिंचेने घासून आरशासारखं केलं, आणि तीन मासे मोठ्या मानाने त्यात नेऊन सोडले. मग नवराबायकोंनी पेटी रिकामी केली. काचा घासल्या. खडे नळाखाली पाच पाण्यांनी धुतले. स्पंज साबणाने नव्हे, एवढं भान हयग्रीवांना राहिलं, पण धारेखाली धरून पिळला, पांढरा होईपर्यंत. तीन तासांनी नळाच्या ताज्या पाण्याने भरलेली पेटी ओसरीवर अशी लखलखली, की समोरच्या घरातली सूर्या मुद्दाम बघायला आली.

"देवाच्या तांब्यासारखी दिसते," वत्सलाबाई म्हणाल्या.

शनिवारी पाणी दुधट झालं. रविवारी सकाळी दोन केशरी मासे वर तरंगत होते. मुत्तू तळाशी बसला होता, पर मिटून, आणि मधूनच वर येऊन हवेला तोंड लावत होता. मंगळवारी पत्र आलं.

त्या आठवड्यात हयग्रीवांनी उत्तराचे चार कच्चे खर्डे केले. पहिल्यात आडीच्या वाऱ्याचं इतकं सुंदर वर्णन झालं, की माशांना जागाच उरली नाही. दुसऱ्यात "देवाची इच्छा" आली. तिथे त्यांचं त्यांनाच कानकोंडं झालं. तिसऱ्यात "तू मला नीट सांगितलं नव्हतंस" असं एक वाक्य होतं. तेही खोडलं, पण खोडण्याआधी ते दोनदा वाचून पाहिलं होतं. चौथं पत्र कोरंच राहिलं.

"एवढं काय?" वत्सलाबाई म्हणाल्या. "सगळे छान आहेत म्हणून लिहा. तिथून ते काय बघायला येणार?"

"दिवाळीला येणार म्हणतो."

"मग दोन केशरी आणा. माशाला काय, नाव असतं का कपाळावर?"

हयग्रीवांना हे ऐकून बरं वाटलं नाही, आणि सुटल्यासारखंही वाटलं. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन ते बसस्टँडमागच्या चंद्रमौलीच्या दुकानात गेले. चंद्रमौली म्हणजे पन्नाशीचा, जाड मिशांचा माणूस. आयुष्यभर मासे विकले, पण माशांपेक्षा गिऱ्हाइकांचाच अधिक अभ्यास केलेला. हयग्रीवांनी तमिळमध्ये, घसा साफ करत, दोन केशरी मासे मागितले. बोटाएवढ्या लांबीचे. एकाच्या शेपटीला जरासा पांढरा ठिपका असेल तर बरं.

चंद्रमौलीने जाळी खाली ठेवली. "मामा, साडीला मॅचिंग ब्लाउज मागतात तसं मागताय. आधीचे कधी गेले?"

हयग्रीवांना खोटं बोलायला वेळ लागतो, तेवढ्यात खरं बाहेर पडलं. त्यांनी शुक्रवारची सगळी हकिगत सांगितली. हकिगत घंगाळापाशी आली तेव्हा चंद्रमौलीने कपाळाला हात लावला.

"पितळेत? चिंचेने घासलेल्या? मामा, आपल्या कुंभकोणमच्या माणसाला पितळेखेरीज भांडंच सुचत नाही! पितळेतलं तांबं पाण्यात उतरतं, आणि आंबट लागलं की जास्तच. माशाला ते विष. त्यावर नळाचं पाणी, त्यात नगरपालिकेचं औषध. आणि स्पंज धुतलात पांढरा करून?"

"अगदी पांढरा," हयग्रीव हळूच म्हणाले.

"संपलं. माशाची घाण पाण्यात विरघळते, मामा, डोळ्याला दिसत नाही. ती खाऊन टाकणारे बारीक जीव त्या स्पंजात नि खड्यांत राहतात. महिनोन्महिने लागतात जमायला. तुम्ही पाच पाण्यांनी धुऊन घालवलेत. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

"नाही," हयग्रीव म्हणाले.

हा शब्द मात्र चटकन आला.

चंद्रमौलीने मासे विकले नाहीत. "आज दोन दिले तर तिन्ही जातील. आधी तो म्हातारा वाचवा." त्याने आपल्या एका जुन्या टाकीतल्या स्पंजाचा काळपट, ओशट तुकडा कापला, त्याच टाकीतल्या पाण्यासकट पिशवीत बांधला, आणि सांगितलं: हा तुमच्या स्पंजाला लावून ठेवा. पाणी प्लॅस्टिकच्या बादलीत एक दिवस उघडं ठेवा. रोज पाव पेटीच बदला. चिमूटभर खडेमीठ. दोन दिवस खायला नाही. मागची काच घासू नका, शेवाळ असू दे.

घरी पिशवी पाहून वत्सलाबाईंनी नाक धरलं. "हे घाणेरडं? पुन्हा आत?"

हयग्रीवांनी बारीक जीवांचं सांगून पाहिलं, पण त्यांचं सांगणं सुरू झालं की पुस्तकासारखं लांबायचं. वत्सलाबाईंनी ते मध्येच तोडलं.

"विरजण म्हणा की! मडकं घासून विरजणसुद्धा धुऊन टाकलं आपण. हे शेजारणीकडून मागून आणलेलं दुसरं."

"हो," हयग्रीव म्हणाले. "तसंच."

"मग एवढं व्याख्यान कशाला?"

त्या दिवसापासून ओसरीवर दोन निळ्या बादल्या आल्या. सकाळी हयग्रीव रबरी नळीने तळातला गाळ ओढून पाव पेटी पाणी काढत, ते तुळशीला घालत, आणि कालचं उघडं ठेवलेलं पाणी वाटीवाटीने आत सोडत. स्पंज पिळायचा तर काढलेल्या पाण्यातच, आणि तोही हलक्या हाताने. वत्सलाबाईंना हे बघवत नसे, त्या पाठ फिरवून निवडायला बसत आणि विचारत, "झालं का तुमचं घाणीत हात घालून?" आठव्या दिवशी पाण्याचा दुधटपणा गेला. मुत्तू वर येऊन हवा गिळायचा थांबला. पंधराव्या दिवशी त्याने पर उघडले, पण एका बाजूला जरा कलून पोहू लागला, आणि ते कलणं काही गेलं नाही. तरी सकाळी हयग्रीवांची सावली काचेवर पडली की तो पुढे येई. वाटाण्याची साल काढून आतला मऊ दाणा चिमटीत कुस्करून दिला, तर खाई.

आता तरी पत्र लिहायला हवं होतं. मुत्तू जगला, एवढं लिहिलं तरी खरंच होतं. विचारलंही तेवढंच होतं. उरलेल्या दोघांचं त्याने विचारलंच कुठे होतं? हयग्रीव या वाक्यापाशी बरेच दिवस रेंगाळले.

गोकुळाष्टमीच्या आधी वत्सलाबाईंनी कपाटं झटकायला घेतली. तिसऱ्या कपाटातून व्याकरणाचं एक जाडं पुस्तक काढलं, तेव्हा त्यातून कागद घसरून खाली पडला.

"अहो, हे भाऊजींचं अक्षर ना?"

हयग्रीवांनी चष्मा लावला. पहिलीच ओळ: "हयग्रीवा, सगळं पाणी एकदम कधी काढू नकोस." मग स्पंजाचं. मग नळाच्या पाण्याचं. आणि मागच्या पानावर, खाली दोन रेघा ओढून: "वत्सला वहिनींना सांग, घंगाळ नको. पितळ नकोच नको."

वत्सलाबाई खांद्यावरून वाचत होत्या. त्या एकदम हसल्या, आणि मग हसणं थांबवून नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं.

"तुम्ही त्या दुकानदाराला काय म्हणालात? कुणी सांगितलं नाही म्हणून?"

"हं."

"आणि पत्रात?"

"तिसऱ्या खर्ड्यात होतं. खोडलं."

"खोडलंत ना? मग बसा आता लिहायला," त्या म्हणाल्या, आणि झाडणं पुढे सुरू केलं. थोड्या वेळाने कपाटाच्या आडून आवाज आला, "घंगाळ माझं होतं, तेही लिहा. सगळं स्वतःवर घेऊन मोठेपणा नको."

या खेपेला खर्डा केला नाही. हयग्रीवांनी सरळ इनलँडवरच लिहिलं, तमिळ अक्षरांत, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं पत्र अर्ध्या पानात संपलं.

"अनंता, मुत्तू आहे. डावीकडे कलून पोहतो, पण खातो. बाकीचे दोघे गेले. आडीच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही पेटी पाच पाण्यांनी धुतली आणि मासे पितळी घंगाळात ठेवले. घंगाळ वत्सलेचं, बुद्धी दोघांची. तू कागदावर सगळं लिहून दिलं होतंस. मी तो पुस्तकात ठेवून विसरलो, आणि दुकानात सांगितलं की मला कुणी सांगितलं नव्हतं. नवे मासे आणून तुला फसवावं असंही मनात आलं होतं. भवानी वहिनींचा मासा मी जवळजवळ घालवला होता. दिवाळीला आलास की तो तुझ्याबरोबर न्यावासा वाटला, तर ने. मी रागावणार नाही. नाही नेलास, तर मी रोज पावच पाणी बदलीन. हयग्रीव."

वाचून बघितलं तर एकही चांगलं वाक्य नव्हतं. "जवळजवळ" खोडावं का, असं वाटलं. मग तो शब्दही खराच होता म्हणून राहू दिला. कडा चिकटवल्या, म्हणजे पुन्हा उघडता येऊ नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी मुत्तूचं पाणी झालं. हात पुसून, छत्री घेऊन ते कोपऱ्यावरच्या तांबड्या टपालपेटीपाशी गेले. पेटीवर पत्रं काढायची वेळ लिहिली होती: साडेदहा. घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. पंचवीस मिनिटं उभं राहून आणखी विचार करता आला असता. हयग्रीवांनी पत्ता एकदा वाचला, पिनकोडाचे आकडे बोटाने मोजले, आणि पत्र आत सोडलं. तळाशी पडल्याचा आवाज आला. पेटी रिकामीच होती.