पाचशे तास

पाचवा स्क्रू निघाला तसा करुणानं तो बशीत आधीच्या चारांच्या रांगेत ठेवला आणि व्हॅक्यूम क्लीनरचं वरचं झाकण दोन्ही हातांनी उचललं. आतून कालचाच जळका वास आला. बाहेर अंगणात हळद पॉलिश करायचं ड्रम घरघरत होतं. ते चालू होतं तोवर आतल्या खोलीत कोण काय उघडतंय हे कुणाला ऐकू येणार नव्हतं. ड्रम थांबायच्या आत तिला एवढंच कळायला हवं होतं, मोटर जळाली आहे की नाही.

मशीन तिच्या नणंदेनं दिलेलं होतं. सेवा पुण्याला नर्स होती. सहा वर्षांपूर्वीच्या दिवाळीत तिनं ते आईसाठी आणलं, आणि आईनं, म्हणजे करुणाच्या सासूनं, मंजुळाबाईंनी, चार दिवसांनी लेक पुण्याला परतताच ते पुन्हा खोक्यात घालून कपाटावर चढवलं. वरून जुनं लुगडं. कुरुंद्यातल्या या घरी कुणी पाहुणा आला की लुगडं बाजूला करून खोक्यावरचं चित्र दाखवायचं, ‘लेकीनं दिलेलं हाये, कोरं हाये अजून,’ असं सांगायचं आणि लुगडं पुन्हा ओढून घ्यायचं. लग्न होऊन करुणा या घरात आली त्याला पाच महिने झाले होते. एवढ्या दिवसांत तिनं हा कार्यक्रम निदान आठ वेळा पाहिला होता.

काल दुपारी मंजुळाबाई भजनी मंडळात गेल्या असताना तिनं ते खाली काढलं. आज संध्याकाळी सेवा येणार होती आणि घरभर हळदीची पिवळी भुकटी बसलेली होती. झाडूनं ती नुसती उडायची आणि पुन्हा बसायची. दोन मिनिटं मशीन झकास चाललं. मग जाळीतून निळ्या ठिणग्या दिसल्या, वास आला आणि सगळं गप्प. तिनं तसंच ते खोक्यात घातलं, लुगडं ओढलं आणि रात्रभर एकच गोष्ट घोळवली. सहा वर्षं कोरं राहिलेलं मशीन नव्या सुनेनं दोन मिनिटांत जाळलं. नवरा विश्वंभर हळदीची पोती घेऊन पहाटेच वसमतच्या मोंढ्यात विकायला गेला होता. त्याला सांगायचं राहून गेलं होतं, किंवा तिनं राहू दिलं होतं.

तिनं मोबाइलचा उजेड मोटरीत टाकला. तांब्याच्या तारा लालसर, चकचकीत होत्या. जळालेली मोटर काळी पडते. ही पडली नव्हती. करुणानं दोन्ही बाजूंच्या पितळी खोबणी उघडल्या. स्प्रिंग टुणकन बाहेर आली. तिच्या टोकाला काळा कार्बन असायला हवा होता, बोटाच्या पेराएवढा. होता तो नखाएवढा. दुसऱ्या बाजूचाही तसाच. तिनं कंपासपेटीतली पट्टी लावली. पाच मिलिमीटर.

ती पट्टीकडे बघत बसली. एम.एस्सी.ला प्रयोगशाळेत तिनं हे कार्बन स्वतःच्या हातानं बदलले होते. फिरत्या मोटरीला घासून घासून वीज पोचवायची, एवढंच त्यांचं काम. ते जुने झाले म्हणून झिजत नाहीत, पडून राहिले म्हणून झिजत नाहीत. चालले तरच झिजतात.

ड्रम थांबलं. करुणानं मान वर केली तर दारात सासरे उभे. वैजनाथ दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढे उंच, मिशा पांढऱ्या, आणि आवाज असा, की शेताच्या या धुऱ्यावरून हाक दिली तर त्या धुऱ्यावरचा बैल थांबावा. हातात पोती शिवायचं दाभण, त्यात ओवलेली सुतळी. पण आवाज आला तो अगदी बारीक.

“जळालं काय?”

“नाही, मामा. आतले कार्बन झिजलेत. नवे टाकले की चालेल.”

“झिजलेत म्हंजे? कुठं आपटलं-बिपटलं म्हून?”

“आपटून नाही. चालून चालून झिजतात.”

“चालून चालून,” वैजनाथ म्हणाले आणि दाभणाचं टोक अंगठ्यावर घासत राहिले. “किती चालल्यावर?”

“पाचशे तास तरी.”

“लई झालं की.”

“तेच कळत नाही. मशीन तर कोरं आहे. सेवाताईंना दुकानदारानं वापरलेलं दिलं वाटतं.”

“व्हय, व्हय,” ते घाईनं म्हणाले. “फसवलंच असंल. शहरातली दुकानं ती.” मग मागं अंगणात एकदा बघून, “भेटतेत कुठं हे कार्बन?”

“वसमतला. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात.”

“चल मग. मला बी सुतळी आणायचीच हाये.”

ओसरीवर सुतळीचे तीन गुंडे पडलेले होते. करुणानं ते पाहिले आणि कापडी पिशवी उचलली.

मंजुळाबाईंनीही पाहिले. त्या अंगणात हळकुंडं निवडणाऱ्या बायांत बसल्या होत्या, तोंडावर पदर धरून.

“सुतळी? अन् ही काय मग?”

“ती बारीक हाये. तुटून राहिली.”

“तीस वर्सं हीच बारीक सुतळी चालली तुमाला.” पुढचं त्या खोकल्यात बोलल्या. खोकला लांबला. एका बाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. “बघा बाई,” मंजुळाबाई डोळे पुसत हसल्या, “सून आली अन् तिच्यामागं खोकला आला. पायगुण म्हणायचा!”

बाया हसल्या. करुणाही हसली. मशीनचं कळलं, की हाच शब्द पुन्हा निघेल आणि तेव्हा कुणी हसणार नाही, हे तिला माहीत होतं. आत मशीनवर तिनं चादर टाकलेली होती.

वैजनाथांच्या मोटरसायकलवर ती मागं एका अंगानं बसली, दोघांच्या मधे कापडी पिशवी. चार-पाच किलोमीटर मागं पडले. मग पुढून वैजनाथांचे वाऱ्यात अर्धवट उडणारे शब्द आले.

“डॉक्टरनं सांगितलं व्हतं. सहा वर्सं झाली. म्हणला, बाईला धुळीपासून लांब ठिवा. आता हळदीच्या घरात धुळीपासून लांब कुठं ठिवू, सांग बरं?”

“आत्यांना सांगितलं नाही?”

“सांगितलं की. म्हणली, हळदीनं माणूस बरं व्हतंय, आजारी कुठं पडतंय. दोन दिवस जेवली न्हाई.” गाडी खड्ड्यातून गेली. “पुन्हा म्या तोंड उघडलं न्हाई.”

वसमतला मुजाहिदभाईंचं दुकान पाण्याच्या मोटरींनी भरलेलं होतं. त्यांनी झिजलेला कार्बन दोन बोटांत धरून उजेडात फिरवला.

“इसकी तो जान निकाल ली किसीने,” ते म्हणाले. “कारखान्यात व्हता का हा?”

वैजनाथ समोरच्या रसवंतीकडे बघू लागले.

त्या मापाचा कार्बन नव्हता. मुजाहिदभाईंनी डबा उलटा करून एक जोडी निवडली, ग्राइंडरची, थोडी जाड. त्यांनी पॉलिश पेपर काढला, तेव्हा करुणा म्हणाली, “मी घासते, भाई.” काउंटरच्या काचेवर पेपर ठेवून तिनं कार्बन घासायला घेतला, चार घासे मारायचे, पट्टी लावायची, पुन्हा चार. मुजाहिदभाई थोडा वेळ बघत राहिले.

“पाटील, बहू काय शिकली तुमची?”

“मोटरीचंच शिकली ती,” वैजनाथ म्हणाले. आता त्यांचा आवाज धुऱ्यावर पोचेल एवढा झाला होता.

“मग सांगायला नको. पण पहिल्यांदा सरळ लावू नका, बेटा. बल्ब लावून सिरीजमध्ये चालवा पंधरा मिनिट. नवा कार्बन हाये, बसायला टाइम लागतो त्याला.”

घरी आल्यावर तिनं तेच केलं. मंजुळाबाई बायांना चहा द्यायला शेजारच्या सावलीत गेल्या होत्या. शंभराचा बल्ब मंद पेटला आणि मशीन हळू, झोपेत घोरल्यासारखं फिरू लागलं. ठिणग्या आल्या, थोड्या कमी झाल्या, मग अगदी बारीक, एकसारख्या उरल्या. पंधरा मिनिटं तिनं घड्याळ लावून मोजली. मग बल्ब काढून सरळ जोडलं. मशीन खणखणीत सुरू झालं. करुणानं ते लगेच बंद केलं आणि तिथंच भिंतीला टेकून बसली. ओठांवर हसू आलं होतं.

उरलं होतं फक्त पुसून ठेवणं. धुळीची पिशवी रिकामी करावी म्हणून तिनं पुढचं झाकण उघडलं.

पिशवी कंपनीची नव्हती. जुन्या धोतराचं कापड दुहेरी घेऊन शिवलेली होती, आणि शिवलेली सुतळीनं. तिरपे लांब टाके, दर चौथ्या टाक्याला गाठ. असं शिवण बाईमाणूस घालत नाही. हे पोत्याचं तोंड शिवायचं शिवण.

तिनं खिडकीतून पाहिलं. वैजनाथ अंगणात पोत्यापुढं उकिडवे बसले होते. दाभण आत जात होतं, बाहेर येत होतं. एक, दोन, तीन, चार आणि गाठ.

करुणानं वर्तमानपत्र पसरून पिशवी झटकली. पिवळी भुकटी, करड्या धुळीचे गोळे, गादीचा कापूस, आणि त्यात गुंतलेले लांब रुपेरी केस. गादीतली धूळ झटकून नव्हे, मशीननं ओढून काढली होती, रोजच्या रोज. तिनं मनातल्या मनात हिशेब मांडला. दिवसाला वीस मिनिटं. भजनी मंडळाची वेळ. पोरगा मोंढ्यात, बायको देवळात, घरात हा एवढा मोठा माणूस दार लावून पलंगाखाली पाइप फिरवतोय, मग मशीन पुसतोय, खोक्यात घालतोय, लुगडं ओढतोय. पाच वर्षं धरली तर सहाशे तास. बरोबर बसत होतं.

आणि मग पाच महिन्यांपूर्वी थांबलं. कारण या पाच महिन्यांत घरात एकच गोष्ट बदलली होती. दुपारी घर रिकामं राहत नव्हतं.

म्हणजे खोकला खरोखरच तिच्यामागून आला होता. तिला हसू फुटलं, ते तिनं पदरानं दाबलं.

“कुणी काढलं गं हे खाली?”

मंजुळाबाई दारात होत्या. त्यांची नजर मशीनवरून खोक्यावर, खोक्यावरून लुगड्यावर गेली. बाहेर दाभण थांबलं. दोन क्षणांत वैजनाथ बायकोच्या मागं येऊन उभे राहिले, चेहरा उतरलेला.

“मंजुळा, त्याचं असं हाये...”

करुणाच्या मुठीत ते दोन झिजलेले कार्बन होते. हात उघडून दाखवले असते, की सगळं स्पष्ट झालं असतं. दोन मिनिटांत एवढं झिजत नाही, हे कुणालाही पटलं असतं. तिनं मूठ मिटूनच ठेवली.

“मी काढलं, आत्या. काल. माझ्या हातून बंद पडलं. आज मामांना घेऊन वसमतला गेले, सामान आणलं आणि नीट केलं.”

वैजनाथांचं तोंड उघडं होतं ते तसंच राहिलं.

“सुतळी म्हणे,” मंजुळाबाई नवऱ्याकडे वळल्या. “तुमी बी सामील?” मग त्या पलंगावर बसल्या. “सहा वर्सं सांभाळलं म्या. सेवा काय म्हणंल आता?”

“सेवाताई म्हणतील, सहा वर्षं खोक्यात कशाला ठेवलं.”

मंजुळाबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. काहीतरी जोरकस बोलायला त्यांनी श्वास घेतला आणि त्या श्वासाचा खोकला झाला. करुणानं पाणी दिलं. तांब्या खाली ठेवताना त्यांचा राग कुठं ठेवला ते त्यांनाच सापडेना.

“लई तोंडाची हायेस,” त्या म्हणाल्या. “चालतंय ना पण?”

“चालतंय.”

“मग आता कोरं कुठं राह्यलं. वापर बाई.”

“रोज दुपारी लावीन म्हणते. तुम्ही भजनाला गेलात की. गादीवर, पलंगाखाली.” करुणा मशीनची चाकं पुसत होती, मान खाली. “फक्त एकटीला नाही जमत. मी मशीन ओढते, पाइप कुणीतरी धरायला पाहिजे. मामांनी धरला तर...”

मंजुळाबाई हसल्या, अगदी मोकळ्या. “ह्यांनी? अगं, उभ्या जन्मात हातात झाडू धरला न्हाई ह्यांनी. गावानं बघितलं तर पारावर बसू देतील का?”

“त्यात काय,” वैजनाथ खाकरून म्हणाले. “सून शिकलेली हाये. तिनं सांगितलं तर न्हाई कसं म्हणू?”

“मग धरा की आताच. मला बी बघू द्या.”

वैजनाथ पुढं आले. दाभण त्यांनी पागोट्यात खोचलं आणि पाइप उचलला. हात आपसूक त्याच्या वाकड्या भागावर गेला, तिथून त्यांनी तो काढला आणि भलतीकडंच धरला, मुसळ धरावं तसा.

“तसं न्हाई ओ!” मंजुळाबाई म्हणाल्या.

वैजनाथ मशीनभोवती एक फेरी मारून आले. वाकून पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

“बटन कुठं हाये गं याचं?” त्यांनी विचारलं.

करुणानं वाकून दाखवलं.