मी फक्त वेळ संपली की वाजते

मी एक जुनी पितळी घंटी आहे. टेबलावर ठेवायची, डोक्यावर टपली मारली की ‘टिंग’ करणारी. मित्रांनो, हसू नका. उभा जन्म टपल्या खाण्यात गेला, म्हणून काय मला अभिमान नसावा?

माझी पहिली नोकरी एका दवाखान्याच्या खिडकीवर होती. तिथे मी वाजले की आतून कोणीतरी लगबगीनं यायचं आणि ‘काय होतंय?’ असं विचारायचं. ते माझे सुखाचे दिवस. पुढे तिथे विजेची बेल बसली आणि मी भंगारात गेले. तिथून मला साहेबांनी उचललं.

साहेब म्हणजे नगरसभेतले नावाजलेले वक्ते. सभेत बोलायची वेळ संपली की घंटी होते, म्हणून ते घरीही घंटी लावून तालीम करत. ते येरझाऱ्या घालत बोलायचे आणि त्यांच्याकडे स्वयंपाकाला असलेल्या मावशी घड्याळाकडे बघत स्टुलावर बसायच्या. काटा ठरल्या जागी आला की मला टपली. मावशींचं बोट पिठाचं असायचं, पण हलकं होतं. मला त्या फार आवडायच्या.

त्या आठवड्यात वादाचा विषय होता, घरकाम करणाऱ्या बायकांना हक्काची सुट्टी. साहेब काय बोलले म्हणून सांगू! ‘जिच्या हातचं आपण खातो, तिलाही घर आहे,’ या वाक्याला तर मलाही भरून आलं. तालीम संपल्यावर मावशींनी हात पुसत विषय काढला. त्यांच्या लेकीचे दिवस भरले होते, पहिलंच बाळंतपण होतं. चार दिवस तिच्याकडे जाऊन येते, म्हणाल्या.

“अहो मावशी, शनिवारी भाषण आहे,” साहेब म्हणाले. “तुम्ही गेलात तर घंटी कोण वाजवणार?”

आपण काय बोललो हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी मात्र तिथेच होते, सगळं ऐकत होते. पण मला आपण होऊन वाजता येत नाही हो.

मी त्यांना लाभते म्हणून शनिवारी साहेब मलाही सभेला घेऊन गेले आणि पिशवी धरायला मावशींनाही. साहेबांचं भाषण झालं आणि विरोधी बाजूचे एक चष्मेवाले सभासद उठले. सुट्टीच्या गप्पा मारणाऱ्यांनी आधी आपल्या घरचं सांगावं, असं ते म्हणाले. सभागृहात कुजबुज झाली. साहेबांनी हसून मागच्या बाकावरच्या मावशींकडे हात केला. त्यांनाच विचारा, म्हणाले.

सगळ्यांच्या माना वळल्या. मावशी उभ्या राहिल्या. खरं बोलावं तर हातची नोकरी जाते, आणि मग लेकीचं, येणाऱ्या बाळाचं कोण बघणार?

“मिळते सुट्टी,” त्या म्हणाल्या. “मागितली की मिळते.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. चष्मेवाले गुपचूप खाली बसले. मावशींच्या सुट्टीचं त्यांनाही काही पडलेलं नव्हतं, साहेब तोंडघशी पडले असते तर त्यांना पुरे होतं. सभेची घंटी वेळ संपल्यावर तेवढी वाजली. खोट्याला वाजायची सोय आम्हा घंट्यांत कोणी ठेवलेलीच नाही.

दुसऱ्या दिवशी लेकीच्या घरून फोन आला. मुलगा झाला होता, दोघं सुखरूप होती. पण कळा सुरू असताना लेक सारखी ‘आई आली का?’ म्हणत होती. फोन ठेवून मावशी माझ्याजवळ आल्या, मला पुसलं आणि उगाचच एक टपली मारली. होता नव्हता तेवढा जीव एकवटून मी वाजले. दवाखान्यात एव्हाना कोणीतरी धावत आलं असतं.

आतल्या खोलीतून साहेबांचा आवाज आला, “थांबा हो मावशी, मी अजून सुरुवात कुठे केलीय?”

मित्रांनो, मला घासूनपुसून लखलखीत ठेवा असं मी म्हणत नाही. एवढंच करा. छान भाषण ऐकलंत की टाळी वाजवण्याआधी बोलणाऱ्याच्या स्वयंपाकघरात एकदा डोकावून या. तिथे कोणी असेल, तर विचारा त्यांना, काय होतंय. मला उठून जाता येत नाही.