घसा दुखला तर त्याच दिवशी

मोटार शिकवणाऱ्या माणसाचा स्वभाव थंड असावा लागतो, आणि मोटारबाईंचा तो होताही. सोळा वर्षांत त्यांच्या हाताखालून क्लचला ब्रेक समजणारे गेले, आरशात मागची गाडी सोडून स्वतःचा भांग बघणारे गेले, पण बाईंचा आवाज कधी चढला नाही. म्हणूनच त्या वर्षी त्यांचं काहीतरी बिनसलंय हे कळायला वेळ लागला. सगळ्यांत उशिरा कळलं ते त्यांनाच.

आधी झोप उडाली. मग उकडायला लागलं. नवरा आणि सात वर्षांची लेक बबडी पांघरुणात गुरफटून बसलेली, आणि बाई सगळ्या खिडक्या सताड उघडतायत. जेवून उठल्या की तासाभरात पुन्हा डबे धुंडाळायच्या, पण खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. पुसलेला ओटा पुन्हा पुसायच्या. नवरा छापखान्यात मुद्रितं तपासायचा; दुसऱ्यांच्या चुका शोधण्यावर पोट असलेल्या त्या माणसाला घरातली चूक काही दिसली नाही. "तुझ्या पायाला भिंगरी लागलीये," एवढंच तो म्हणाला. बाईंना वाटलं, बरंय की, कामं तरी उरकतायत.

त्या वेळी त्यांच्याकडे शिंपीकाका शिकत होते. वय चौसष्ट. बाईंचे कपडे तेच शिवायचे. एकदा रुंद, मोकळ्या रस्त्यावर काका ताशी वीसच्या चालीने चालले होते. बाईंच्या छातीत मघापासून धडधडत होतं. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, तो त्यांनी एकाएकी कचकन दाबला. मागची गाडी ठोकर देता देता राहिली.

"लक्ष कुठंय तुमचं?" बाई ओरडल्या.

काकांनी गाडी कडेला घेतली. "कोण आडवं आलं होतं?"

बाईंनी रस्त्यावर पुढेमागे बघितलं. कुणीच आलं नव्हतं.

"बाई, रागावू नका," काका म्हणाले, "चार महिन्यांत तुमची विजार मी तीनदा आत घेतली. आता घ्यायला कापड उरलं नाही. आणि हे हात बघा. सुई ओवता येईल का या हातांनी?"

"तुम्ही स्टिअरिंगकडे बघा, माझ्या विजारीकडे नको!" बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

पण घरी आल्यावर त्या सुईदोरा घेऊन न्हाणीघरात गेल्या आणि आतून कडी लावली. अकरा वेळा प्रयत्न केला. दोरा काही जाईना. बाराव्यांदा हात उचलायचं त्यांना धाडस झालं नाही.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना हात पुढे करायला लावून बोटांवर कागद ठेवला. कागद फडफडत राहिला. रक्त तपासल्यावर उलगडा झाला. गळ्यात समोरच्या बाजूला असते ती थायरॉइडची ग्रंथी गरजेपेक्षा फार जास्त काम करत होती. दोन गोळ्या मिळाल्या. एक ग्रंथीला आवरायला, एक छातीची धडधड कमी करायला. हात स्थिरावेपर्यंत गाडी बंद.

"आणि एक गोष्ट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घसा दुखला, ताप आला, तर पहिली गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी रक्त तपासायचं. क्वचित कुणाच्या पांढऱ्या पेशी या गोळीने एकदम घटतात. त्याच दिवशी. बघू उद्या, असं नाही."

नवऱ्याने ते वाक्य स्वल्पविरामांसकट लिहून फ्रिजवर चिकटवलं.

पाच आठवड्यांत हात स्थिरावले, परवानगी मिळाली. काका वाट बघत होते; दुसऱ्या कुणाकडे शिकायला ते तयार नव्हते. त्यांची परीक्षा एका मंगळवारी ठरली, आणि नेमकं त्याच सकाळी बाईंना आवंढा गिळवेना. अंग तापलं होतं.

"फ्रिजवर काय लिहिलंय?" नवरा म्हणाला.

"परीक्षा उरकते आणि दुपारी जाते. दुपार काय उद्या असते?" त्या निघाल्यासुद्धा.

परीक्षेच्या मैदानावर पोचेपर्यंत त्यांचे दात वाजायला लागले. काकांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, दार उघडून त्यांना बाजूच्या सीटवर सरकायला लावलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसले.

"काका, नंबर लागेल आता! पुन्हा तारीख मिळायला दोन महिने जातील."

"चौसष्ट वर्षं पायी चाललो. दोन महिन्यांनी काय झिजणार आहे? कुठे वळायचं ते सांगा."

भर गर्दीतून ते दवाखान्यापर्यंत आले. बाईंचा जीव वरखाली होत होता. "जरा पाय दाबा हो! गेला ना सिग्नल!" काकांनी चाल बदलली नाही. एकदाही चुकले नाहीत.

पांढऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. बाईंना सात दिवस एकटीला वेगळ्या खोलीत ठेवलं, सलाइनमधून औषधं चालू. त्या गोळीची वाट कायमची बंद झाली. उरले दोन उपाय, ऑपरेशन किंवा ग्रंथीला आतून जाळणारं किरणोत्सारी आयोडीन. बाईंनी आयोडीन घेतलं. एक कॅप्सूल, घोटभर पाणी, संपलं. कठीण होतं ते पुढचं. दोन आठवडे अंगातून किरण निघणार, तोवर लेकीला जवळ घ्यायचं नाही.

बबडी घरातल्या बोळाच्या त्या टोकाला बसायची, बाई या टोकाला.

"आई, तू आता चमकणार?"

"पडदा ओढून बघ."

बबडीने पडदा ओढला, बराच वेळ निरखलं. "काहीच नाही," ती हिरमुसून म्हणाली आणि दोन पावलं पुढे सरकली. बाईंनी खुर्ची दोन पावलं मागे घेतली. ती आणखी सरकली, खुर्ची आणखी मागे. पाठ भिंतीला टेकली तेव्हा बाईंना आवाज चढवावा लागला, "बबडे, तिथेच!" पोर रडत आत गेली. बाई उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. बोळ त्यांनी किती वेळा पालथा घातला, मोजदाद नाही.

काका पुढच्या तारखेला पास झाले. बाईंची ग्रंथी मात्र चार महिन्यांत इतकी निवली की उलटंच झालं. थंडी वाजायची, दुपारी डोळे मिटायचे. डॉक्टरीणबाईंना हे अपेक्षितच होतं. आता रोज सकाळी एक वेगळी गोळी, जन्मभर, उपाशीपोटी. त्यानंतर अर्धा तास चहासुद्धा नाही.

"खरं सांगू?" एका सकाळी त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तेव्हा वाटायचं, आपण काय झपाट्याने कामं करतोय. त्याची अजून आठवण येते."

"मला नाही येत," नवरा म्हणाला. "खिडक्या बंद करून करून हात दुखले होते."

बाई हसल्या. मग घड्याळाकडे बघितलं. चहाला अजून एकोणीस मिनिटं होती. त्यांनी आधण ठेवलं, गॅस बंद केला, पुन्हा लावला.