काळ्याभोर बाळाचा पाळणा

भागूबाईच्या पायांवर न्हाऊन मुकुंदवाडीतली निम्मी पोरं मोठी झाली. भिंतीला पाठ टेकून ती पाय लांब करायची, बाळ नडगीवर उताणं घ्यायची आणि तेलाचा हात फिरता फिरता तिच्या ओठांवर ओवी यायची. हात ओवीला ओढतोय की ओवी हाताला, हे तिचं तिलाही कळायचं नाही. जयंतीला विहारासमोर पाळणा गायचा तोही तिनंच. पहिल्या दिशी असं झालं, दुसऱ्या दिशी तसं झालं. माणूस केवढाही थोर असो, भागूबाईच्या गाण्यात त्याला आधी तान्हं व्हावं लागायचं.

या उन्हाळ्यात तिच्या पायांवर जुलेखाची मेहेर होती. जुलेखा सिद्दी मुरूडकडची. नवरा चिकलठाण्याच्या एका कंपनीची बस चालवतो, म्हणून इकडं आलेली. केस कुरळे, रंग काळाभोर, आणि मराठी अशी गोड की ऐकत राहावं. तरी रिक्षावाले तिला विचारायचेच, "मॅडम, विच कंट्री?"

"रायगड," ती सांगायची, आणि आत बसायची.

"पोर आईवर गेली गं बाई," भागूबाई म्हणायची. डाळीचं पीठ, हळद आणि सायीचा गोळा ती मेहेरच्या अंगावरून फिरवायची. बाकीच्या पोरांपेक्षा जरा दाबून, जरा जास्त वेळ. "पोरीची जात हाय. रंग उजळाया पायजे. बघ तू, चालाया लागंस्तोवर गव्हाळ होती का नाय."

मेहेर रडायची. जुलेखा तांब्या घेऊन शेजारी उभी असायची. नळाला पाणी आठवड्यातून एकदा. ती पाणी जपून ओतायची, आणि शब्दही.

सरिता, भागूबाईची सून, शाळेत शिकवते. एका संध्याकाळी विहारातल्या बैठकीत तिनं विषय काढला. समितीचे अध्यक्ष साहेबराव पंख्याखालची जागा धरून बसले होते.

"मलिक अंबर," सरिता म्हणाली. "त्याला जाऊन यंदा चारशे वर्षं झाली. आपण त्याचा दिवस करू या."

"अगं, एप्रिलची जयंती आत्ता झाली," साहेबराव म्हणाले. "स्पीकरनं कान अजून वाजतायत माझे. मे महिन्यात आणि हे कुठलं? ते नवाब-वजीर लोक, त्यांचं ते बघतील."

"वजीर नंतर झाला, मामा. आधी लेकरू होता. आफ्रिकेतल्या हबशी मुलखातून बाजारात विकला गेला, ह्या हातातून त्या हातात विकत इथवर आला. आणि त्यानं हे शहर वसवलं. जमिनीखालून नहर काढून पाणी आणलं. विकलेल्या माणसानं गाव वसवलं, हे आपल्याला नाही कळायचं तर कुणाला कळायचं?"

मध्येच संघपाल बोलला. चौकात त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे. "वैनी, मला पटतंय. पण एक दिस हार घालायचा, आन् दुसऱ्या दिशी नहरीच्या तोंडावर कचरा टाकायचा. त्यापरीस न केलेलं बरं. दिवस केला की माणूस त्या दिवसापुरताच उरतो."

"आणि नाही केला की?"

"तवा काय! नळाकडं बघून आठवण काढायची. हाये की रोज."

सगळे हसले. साहेबरावही हसले, पण लगेच बोट वर करून म्हणाले, "आणि दिवस म्हटला की पाळणा आला. ह्याच्या जन्माची तारीख कुणाला ठाऊक नाही. पुण्यतिथीला पाळणा असतो व्हय कुठं?"

कोपऱ्यातून भागूबाई म्हणाली, "ज्याची जन्मतारीख लिवलेली नाय, त्यालाच पाळणा लागतो, भाऊ. माझी तरी कुठं लिवलीय?"

साहेबरावांनी तिच्याकडं बघितलं. "मग बांध तू. तुझा पाळणा असेल तरच मी हो म्हणतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहेरला पायांवर घेऊन भागूबाईनं ही सगळी हकिगत जुलेखाला रंगवून सांगितली. जुलेखा हसली, पण अर्धंच.

"मला विचाराल तर दिवस नकोच वाटतो, मावशी. त्या दिवशी माझ्याबरोबर सेल्फी काढतील. दुसऱ्या दिवशी भाजीवाली आहेच, 'ए आफ्रिका, सरक जरा'." तिनं हातानं पाणी किती कोमट आहे ते बघितलं. "पण पाळणा तुम्ही गाणार असाल तर एक मागू?"

"माग की."

"त्यात त्याचा रंग येऊ दे. काळा तर काळा. आमच्याकडची गाणी मला येत नाहीत, आईबरोबर गेली. मेहेरला मी घेऊन येईन. तिच्या रंगाचं एक गाणं तिच्या कानावर पडू दे. मग लोक काय ते म्हणोत."

"व्हय गं पोरी! त्यात मागायचं काय?" भागूबाई म्हणाली, आणि पिठाचा गोळा मेहेरच्या पोटावरून फिरत राहिला.

भागूबाई पाळणा कागदावर बांधत नाही. भाकरी थापताना, कपडे पिळताना एकेक ओळ येते, आणि आलेली ओळ ती दिवसभर तोंडात घोळवते. सरितानं सांगितलं तेवढं ऐकून तिनं कडवी जुळवली. गल्लीतल्या बाया मागं धरायला बसवल्या. पहिलं कडवं तर आपसूकच आलं होतं, कधीपासून ओठांवर वाट बघत असल्यासारखं.

कार्यक्रमाच्या दिवशी ऊन उतरल्यावर विहारासमोर खुर्च्या मांडल्या. संघपालनं फ्लेक्स आणला, दोन पोरांनी तो बांबूला बांधून वर ओढला आणि घडी उलगडली.

सरिता बघत राहिली. "हे कोण?"

"कोण म्हंजी? तोच की, वैनी. तुमी पाठवलं तेच चित्र."

चित्र तेच होतं. जुन्या काळातल्या कुण्या चित्रकारानं काढलेलं: पांढरा झगा, कमरेला तलवार, एका बाजूनं दिसणारा करारी चेहरा. पण मूळ चित्रात जो माणूस रात्रीसारखा काळा होता, तो इथं गव्हाळ झाला होता. गालावर गुलाबी झाक होती. लग्नाच्या पत्रिकेवर खपला असता.

संघपालनं कपाळाला हात लावला. "आईच्यान, हात आपोआप गेला. चेहरा आला की उजळायचा, ही आमच्या धंद्याची रीतच हाय. पुढाऱ्यापासून बारशाच्या लेकरापातुर समदे उजळतो. नाय उजळला तर लोक परत आणून देत्यात." त्यानं इकडंतिकडं बघितलं. "थांबा, ब्रश आणतो. वरनं काळा रंग मारतो."

"डोकं फिरलं का तुझं?" साहेबराव खेकसले. "फोटोला काळं फासतोस? कुणी मोबाइलवर काढलं तर उद्या पेपरात, परवा चौकात दगड."

"पर मामा, काळ्या माणसाला काळं करणं म्हंजी काळं फासणं कसं व्हईल?"

"ते तुला कळतं, मला कळतं. मोबाइलला कळंल का?"

दुकान बंद झालं होतं, छपाईवाला गावाला निघून गेला होता, माणसं जमायला लागली होती. फ्लेक्स तसाच राहिला.

जुलेखा आली. मेहेरला तिनं पिवळं झबलं घातलं होतं, डोळ्यांत काजळ होतं. फ्लेक्ससमोर ती उभी राहिली. कुणीतरी काहीतरी सांगायला गेलं, पण तिनं ऐकलं नसावं. भागूबाई तिच्याजवळ गेली, तेव्हा ती हळूच म्हणाली, "मावशी, ह्याला कुणाच्या पायांवर घासलं?"

आवाजात राग नव्हता. तेच भागूबाईला जड गेलं. जुलेखा फाटकाजवळच्या शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसली. पायातली चप्पल काढली नाही. कधीही उठून जाईल अशी बसली.

भागूबाईनं आपले हात बघितले. नखांच्या कडेला सकाळची हळद होती. आणि एकदम तिला आपलं पहिलं कडवं आठवलं, जे आपसूक आलं होतं:

*पहिल्या दिशी गं उजेड पडला,*
*चांद जणू गं घरात शिरला,*
*गोरागोमटा बाळ हासला,*
*जो जो रे जो.*

रोज ते म्हणत होती ती. बायांकडून घोकून घेत होती. जुलेखाला शब्द दिला होता, आणि त्या शब्दाच्या नाकासमोरून ही ओळ गोरीगोमटी होऊन निघून गेली होती. भागूबाईनं आठवून बघितलं. आईनं गायलेले, आत्यानं गायलेले, जात्यावरचे, न्हाणीतले सगळे पाळणे. त्यांत एकही काळं बाळ नव्हतं. गाणारणी मात्र सगळ्या काळ्या होत्या.

माइकवरून तिचं नाव पुकारलं.

ती पुढं गेली. बाया मागं उभ्या राहिल्या. पाळण्याची दोरी हातात घेतली. आत कुणी नव्हतं, फुलं होती. दोरी हलली, पण ओठ हलेनात. बायांना वाटलं, म्हातारी विसरली. त्यांनी तिला सावरायला मागून सुरुवात केली, "पहिल्या दिशी गं उजेड पडला..."

भागूबाईनं हात वर केला. बाया गप्प झाल्या. सरिता पुढच्या रांगेतून अर्धी उठली. शेवटच्या खुर्चीवर जुलेखानं मेहेरला खांद्यावर घेतलं होतं.

भागूबाईनं फ्लेक्सकडं बघितलं नाही. खाली बघितलं. तिथं विहारासमोरची जमीन होती, सकाळी शिंपडलेलं पाणी कधीच पिऊन बसलेली, भेगाळलेली, काळी. ह्याच रंगाच्या रानात तिच्या बापानं जन्मभर औत धरलं. त्या रंगाला घरात कुणी वाईट म्हटलं नाही. *काळी* म्हणायचे, आणि पेरणीच्या आधी तिच्या पाया पडायचे.

ओळ खालून आली.

*पहिल्या दिशी गं रान नांगरलं,*
*काळ्या ढेकळात पाणी मुरलं,*
*काळंभोर बाळ कुशीत शिरलं,*
*जो जो रे जो.*

बायांना ओळ नवी होती. त्यांनी नुसतं *जो जो* धरलं.

*दुसऱ्या दिशी गं बाजार भरला,*
*आईच्या हातून पालव सुटला,*
*नाव पुसाया कुणी न उरला,*
*जो जो रे जो.*

साहेबरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

*तिसऱ्या दिशी गं खडक फोडला,*
*मातीच्या पोटी झरा जोडला,*
*तान्ह्या गावाला पान्हा सोडला,*
*जो जो रे जो.*

तिनं पुन्हा पहिलं कडवं धरलं. आता बायांनाही ते आलं. *काळंभोर बाळ* या शब्दांवर त्यांचा आवाज जरा अडखळला, दुसऱ्या खेपेला अडखळला नाही. आणि तिसऱ्या खेपेला भागूबाईला दिसलं की शेवटची खुर्ची रिकामी आहे.

दोरी हातात तशीच राहिली.

मग खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं जुलेखा पुढं येताना दिसली. अनवाणी. चप्पल तिनं फाटकाबाहेर काढून ठेवली होती. तिनं पाळण्यातली फुलं एका बाजूला सारली, आणि मेहेरला आत ठेवलं.

मेहेरनं काजळभरल्या डोळ्यांनी वर बघितलं. भागूबाईनं दोरी ओढली.

सकाळी जुलेखा नेहमीच्या वेळेला आली. हातात तांब्या होता. भिंतीशी भागूबाई पाय लांब करून बसली होती. शेजारी तेलाची वाटी होती. एवढंच.

जुलेखानं मेहेरला तिच्या पायांवर ठेवलं, आणि इकडंतिकडं बघितलं. "मावशी, पीठ?"

"डाळीचं पीठ अंगाला लावाया असतंय व्हय?" भागूबाई म्हणाली. तेलाचा हात मेहेरच्या छातीवरून पोटावर आला. सावकाश, जराही न दाबता. "पिठलं टाकते त्याचं. तू बी जेवायलाच थांब."

जुलेखा हसली. या वेळी पूर्ण. मेहेरच्या अंगावर तेल चमकलं, पहिल्या पाण्यानंतर नांगराचं तास चमकतं तसं. जुलेखानं तांब्या उचलला. भागूबाई गुणगुणायला लागली होती, आणि एका ओळीवर जुलेखाही, मुरूडच्या सुरात, तिच्यामागं.